सिस्टरांचं वेगळं ताट

क्लिनिकच्या रिसेप्शनवरच्या मल्याळी मुलीने काचेवर टकटक करून मला आत बोलावलं आणि काही न बोलता रिसीव्हर हातात दिला. मी व्हॅन पुसत होतो, हात ओले होते. पलीकडून आवाज आला, "मोहितेभाऊ का? मी निर्मलाताईचा भाऊ. वरणगावहून." लाइनवर नुसती खरखर... मग म्हणाला, "ताई गेली, भाऊ. परवा सकाळी. तुम्हाला कळवायचं असं तिनं सांगून ठेवलं होतं." मी म्हणालो, "बरं." माणूस गेल्याची बातमी ऐकून 'बरं' म्हणणारा गाढव मीच. त्याने फोन ठेवला तरी मी रिसीव्हर कानाला लावून उभा. मुलीने विचारलं, "क्या हुआ, भैया?" बाहेर येऊन राहिलेली काच पुसली. दुसरं काय करणार?

पुढे एका शुक्रवारी इथल्या, बहारीनमधल्या आपल्या लोकांनी शोकसभा घेतली. एकामागून एक माणसं उठली आणि म्हणाली, निर्मला सुरडकर म्हणजे शांत, सोशिक, सेवेची मूर्ती. मी मागच्या खुर्चीवर बसून मनात म्हटलं, ही मंडळी नक्की कोणाबद्दल बोलतायत? शांत? व्हॅन जरा उशिरा लागली तर सिस्टर दारातूनच सुरू व्हायच्या, "काय हो मोहितेभाऊ, गावाहून, संगमेश्वरहून निघाला होतात का आज?" सोशिक? लेबर कॅम्पातला संडास तुंबलेला दिसला की कॅम्प बॉसला बखोटीला धरून तिथवर नेणारी बाई ती. कजाग होत्या, स्पष्ट सांगतो. मी त्यांचा ड्रायव्हर, रोज शेजारच्या सीटवरून बोलणी खाल्लेला माणूस. त्यांना मूर्ती केलेलं मला खपायचं नाही.

त्या वरणगावच्या, भुसावळजवळच्या. नर्सिंग झाल्यावर पहिली नोकरी लागली ती थेट सातपुड्यात, धडगावकडच्या पाड्यांवर. तिथे रस्ता संपायचा आणि पुढे नुसतं चढायचं. तापाची साथ आली की औषधाची पेटी डोक्यावर घेऊन सिस्टर वर, आणि यांना बघून आजारी माणसासकट घरचे लोक आणखी वर, रानात. "सरकारी माणसं आली की माणूस उचलून नेतात, आणि नेलेला परत येत नाही, एवढंच त्यांना माहीत," त्या सांगायच्या. "मग आपण काय समजवायचं? मी समजवणंच सोडून दिलं. जाऊन बसायचे त्यांच्या चुलीपाशी. भाकर द्या म्हणायचे." जेवताना माणूस लपत नाही, हा त्यांचा शोध. ताप असलेल्याला अन्न कडू लागतं, तो नुसता चिवडत बसतो. ताप आहे का विचारलं तर माणूस नाही म्हणणार, पण ताटातला भात खोटं बोलत नाही... हीच विद्या घेऊन त्या बहारीनला आल्या. आमच्या क्लिनिककडे कंपन्यांच्या कॅम्पांची तपासणी होती, बहुतेक सगळी सलमाबादच्या बाजूची. गोदामं, गॅरेजं आणि त्यांच्या मधल्या बराकीत राहणारी आपली माणसं.

एका कॅम्पात आमच्या कोकणातली आणि साताऱ्याकडची मंडळी होती. सुतार, गवंडी, पेंटर. त्यांचे म्होरके शिगवणकाका, सुतार, खेडकडचे. पहिल्या शुक्रवारी जमिनीवर पेपर पसरून पंगत बसली होती. सिस्टर दारातून म्हणाल्या, "मलाही वाढा." सगळे चपापले. कोणीतरी हळूच विचारलं, "सिस्टर, सुरडकर म्हणजे... कुठले?" गाव कोणी विचारत नव्हतं, हे आपल्याला कळतंच. सिस्टर पायातल्या चपला काढत म्हणाल्या, "बौद्ध. आता वाढता, का उठून जाऊ?" पेपरवर हात थबकले. एकजण लगबगीने उठून फळीवरचं वेगळं ताट काढायला गेला, पाहुण्यांचं म्हणून. सिस्टर कडाडल्या, "ते नको. वेगळ्या ताटात जेवायला मी समुद्र ओलांडून नाही आले." शिगवणकाकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग स्वतःचं अर्धं ताट रिकामं करून तेच पुढे सरकवलं. "बसा बाय," म्हणाले, "बोंबील तिखट आहेत." त्या दिवसापासून तो कॅम्प त्यांचा झाला. मी गावी असतो तर मीही कदाचित असं ताट पुढे केलं नसतं. इथे काका ते करून बसले, आणि मला त्यांचा हेवा वाटला.

चौऱ्याण्णव साली गणपती उठले, पितृपक्ष लागला आणि तिकडून प्लेगची बातमी आली. दोन दिवसांत इथली हवाच बदलली. इंडियाची विमानं थांबली. कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानात, मी शिंकलो तर दुकानदार काउंटर सोडून मागे झाला. तोही इंडियनच, बरं का. सुट्टीवर गेलेले तिकडे अडकले, इथले इकडे. कंपन्यांनी हुकूम काढला की तपासणी होईपर्यंत कामाखेरीज कॅम्पातून कोणी हलायचं नाही आणि कोणाला ताप असेल तर लगेच सांगायचं. सांगतंय कोण? ताप म्हणजे प्लेग, प्लेग म्हणजे विमान, एवढा साधा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात पक्का. सिस्टर सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका कॅम्पातून दुसऱ्या कॅम्पात. सप्टेंबरची ती चिकट उष्णता, अंगाला लागलेला शर्ट, आणि जाईल तिथे ताप नाही, हे एकच उत्तर, "मफी ताप, सिस्टर. सगळे मजेत."

अशात शिगवणकाकांच्या कॅम्पात मेसच्या कोठारात, तांदळाच्या पोत्यामागे, मेलेला उंदीर सापडला. एरवी शेपटीला धरून भिरकावला असता. पण काकांची आई लहानपणी गाठीच्या तापात, म्हणजे प्लेगातच, माळावरच्या झोपडीत राहिलेली. उंदीर पडला की घर सोडायचं, उघड्यावर जायचं आणि साथ सरेपर्यंत उंबरा चढायचा नाही, हे त्यांनी तिच्या तोंडून ऐकलेलं. साताऱ्याकडच्यांच्याही घरांत हीच आठवण. झालं! दुपारी कामावरून येताच सगळ्यांनी खाटा, वळकट्या, स्टोव्ह उचलले आणि गोदामांच्या मागच्या मोकळ्या जमिनीवर गेले. हाडाचे सुतार ते, शटरिंगचं प्लायवूड आणि ताडपत्री लावून बघता बघता वस्ती उभी केली. एकाने तर कुठूनसा कडुलिंबाचा टाहाळा आणून दाराला बांधला. कोणाशी भांडण नाही, आरडाओरडा नाही. आपल्या समजुतीने ती माणसं अगदी शहाण्यासारखी वागली होती.

पण इथे माणसांनी एकगठ्ठा कॅम्प सोडणं म्हणजे संप, आणि संप म्हणजे सगळ्यांना घरी पाठवणी. आम्ही पोचलो तेव्हा हैदराबादचा कॅम्प बॉस गेटवर उभा होता. "हड़ताल कर रहे हैं, सिस्टर! मैं पुलिस को फोन करता हूँ." सिस्टर त्याच्या आणि फोनच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची हिंदी आपली खानदेशी. "हडताल काय की भैया? ये इनका क्वारंटाइन है. तुम आदमी को अंदर बंद करते, ये लोग घर खाली करते. दोनों को मरने का डर है. मेरे को थोडा टाइम दो." तो म्हणाला, मॅनेजर ऐकणार नाही. "मॅनेजर को मैं देखती. तुम वो कोठार साफ करवाओ पहले." तो खरंच गेला. मी हसलो तर माझ्यावर डाफरल्या, "दात काय काढता? औषधाची पेटी आणा."

प्लायवूडच्या त्या वस्तीत काकांनी त्यांना बसायला खाट दिली. सिस्टर खाली वाळूत बसल्या. "काका, तुम्ही चुकला नाहीत. आमच्या पाड्यांवरही हेच करतात. पण इथं घर सोडलं म्हणजे काम सोडलं असं धरतात. सगळ्यांना घालवतील हो." मग एकदम म्हणाल्या, "जेवण झालंय का? मला भूक लागलीय." पुन्हा पेपर पसरले गेले. वारं सुटलेलं, भातात वाळू येत होती. सिस्टर जेवत होत्या आणि त्यांची नजर फिरत होती. सगळे नीट जेवत होते... पण काकांच्या मागे एक ताट दुसऱ्या ताटाने झाकून ठेवलेलं. "हे कोणाचं?" सिस्टरांनी वरचं ताट उचललं. आत भात तसाच, आमटीवर साय धरलेली. "दुपारचं आहे हे. परत आलंय. कोण आहे आत?"

आत दत्ताराम होता. देवरुखकडचा पेंटर, दोन मुलींचा बाप, नुकताच गावाहून सुट्टी संपवून आलेला. ताडपत्रीच्या आत दोन ब्लँकेटांखाली कुडकुडत होता, त्या उकाड्यात. काका दारात आडवे झाले. "त्याला न्यायचा नाय, सिस्टर. आम्ही बघू त्याला. मेला तर आमच्यात मरंल." सिस्टरांचा आवाज मी पहिल्यांदा इतका हळू ऐकला. "काका, हा प्लेग असेल तर तुम्ही सगळे मराल. नसेल तर याला उगीच माराल. मला रक्त तपासू द्या. ताप सांगितला म्हणून याला परत पाठवणार नाहीत." आतून दत्तारामच बोलला, "शब्द देता?" सिस्टर म्हणाल्या, "दिला." मग ताप कधीपासून, कसा येतो ते त्याने सांगितलं.

मलेरिया निघाला. गावाहून घेऊन आलेला, साधा, गोळ्यांनी बरा होणारा हिवताप. आम्ही सगळे हसत सुटलो त्या दिवशी, काकांनी शेवयांची खीर केली. मंडळी खाटा घेऊन आत परतली, पोलीस आले नाहीत, कोणाची नोकरी गेली नाही. सिस्टरांच्या त्या तासाभराने एवढी माणसं वाचली, हे मी कुठेही छातीठोक सांगेन... पण विमानं सुरू झाली आणि कंपनीने पहिल्याच खेपेला दत्तारामचं तिकीट काढलं. मॅनेजर म्हणे, मलेरिया असो नाहीतर आणखी काही, ज्याच्यामुळे कॅम्प घाबरला तो माणूस नको. सिस्टर ऑफिसात जाऊन भांडल्या, रिपोर्ट पुढे टाकला, आवाज चढवला, विनवणी केली. बाहेर आल्या तेव्हा चेहरा पांढराफटक. मला म्हणाल्या, "चला भाऊ. एअरपोर्टला आपणच नेऊ त्याला."

मुहर्रकचा पूल ओलांडून एअरपोर्टला पोचलो. उतरल्यावर दत्तारामने बॅग घेतली, सिस्टरांना नमस्कार केला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो आपल्या साध्या आवाजात म्हणाला, "मी कोणालाच सांगितलं नसतं, सिस्टर. तुम्ही आमच्यात जेवता, म्हणून सांगितलं." आणि गेला. सिस्टर व्हॅनमध्ये बसून राहिल्या. मागून गाड्या हॉर्न देत होत्या, हवालदार यल्ला यल्ला करून पुढे हाकलत होता. मला गाडी काढता येईना, कारण त्यांचं दार अजून उघडंच होतं. त्यानंतर त्यांनी कोणालाही शब्द दिला नाही. जेवायला बसायच्या, ताटं बघायच्या, आणि ज्याचा भात उरला त्याला बाजूला घेऊन म्हणायच्या, "सांगितलंस तर पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही बाबा. न सांगितलंस तर काय होईल ते मला माहीत आहे." तरीही लोक सांगायचे. हे नवलच. बहुतेकांना औषध मिळायचं, काहींना विमान. ज्या दिवशी कोणाचं विमान असेल, त्या दिवशी सिस्टर मला चहासाठी गाडी थांबवायला सांगायच्या नाहीत.

मग त्यांना खोकला लागला. "तुमच्या गाडीची धूळ, दुसरं काय," म्हणून माझ्यावरच ढकलायच्या. गालफडं बसली. संध्याकाळी डोळे चमकायचे. मी बायकोला पत्रात लिहिलं की सिस्टरांचं काही खरं दिसत नाही. एक दिवस त्या स्वतःच डॉक्टरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, फोटो काढा छातीचा. क्षय निघाला. व्हिसा नवा करताना होते ती तपासणी अजून लांब होती. मी भडकलो. "गप्प औषधं घ्यायची ना! कोणाला कळलं असतं? तुम्ही नर्स, तुम्हाला गोळ्यांना तोटा?" त्या शांतपणे पाणी प्यायल्या. "इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगत फिरले, भाऊ. आता मी लपवू? दत्तारामला काय तोंड दाखवू?" म्हटलं, दत्ताराम देवरुखला आहे, तो कशाला येतोय बघायला! क्षय निघालेल्या परदेशी माणसाला इथे ठेवत नाहीत, नियम तो नियम. काही आठवडे औषध देऊन, प्रवासाला हरकत नाही असं डॉक्टरांनी लिहून दिल्यावर, त्यांचंही तिकीट निघालं.

निघायच्या दिवशी शुक्रवार होता. म्हणाल्या, सलमाबादवरून जाऊ. वाटेत मला बजावलं, "सुट्टीवर चाललेय, एवढंच सांगायचं. सिस्टरनं स्वतःहून सांगितलं आणि सिस्टरलाच घालवलं, असं यांना कळलं तर उद्या एकजण तोंड उघडणार नाही. शपथ घ्या." मी घेतली. पंगत बसलीच होती. सिस्टर आत न जाता दारापाशी, वाऱ्याच्या बाजूला बसल्या. आणि पिशवीतून त्यांनी स्टीलचं ताट काढलं. कडेवर ठिपक्या ठिपक्यांनी नाव घातलेलं, कु. निर्मला... नर्सिंगला निघताना वडिलांनी दिलेलं. सगळ्यांचे हात थांबले. शिगवणकाकांच्या हातातला भाताचा चमचा तसाच वर. "सिस्टर, वेगळं ताट? आमच्यात?" त्यांनी विचारलं. "पथ्य आहे, काका." "पथ्य अन्नाचं असतं, ताटाचं नसतं. दत्तारामाचं अजून मनात धरलंय तुम्ही." सिस्टर म्हणाल्या, "तसं समजा हवं तर." काकांनी वाढलं, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. बोंबील, आमटी, भात... सिस्टरांनी शीत न् शीत संपवलं, बोटाने ताट निपटलं. मी त्यांच्या कपाळावरचा घाम बघत होतो. उठताना आधाराला माझा हात धरला, तेव्हा चटका बसला.

पुलाच्या अलीकडे गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याच्या कडेला वाकून त्यांनी सगळं ओकून टाकलं. तोंड पुसत परत बसल्या. मी विचारलं, "ताट कशाला काढलंत हो? किती लागलं त्यांना." म्हणाल्या, "हा रोग ताटातून जात नाही, मला ठाऊक आहे. पण कधीतरी यांना कळेल. मग जो तो आठवत बसेल की तिच्या उष्ट्या ताटात आपण जेवलो. घाबरलेल्या माणसाला पुस्तक वाचून दाखवता येत नाही." मग थोडं हसल्या. "ताप असला तरी ताट रिकामं करता येतं, बघितलंत ना? आता नीट बघत जा सगळ्यांकडे." एअरपोर्टवर मी "इंशाल्ला लवकर या" असं काहीतरी वेड्यासारखं म्हणालो. त्या "हो" म्हणाल्या, जयभीम केला आणि आत गेल्या. ताट माझ्या सीटखाली राहिलं. विसरल्या की ठेवून गेल्या, मला अजून ठरवता आलेलं नाही. तिकडे औषधं लागू पडेनात असं त्यांच्या भावाने मधे एकदा कळवलं होतं, आणि मग तो फोन.

शोकसभेनंतरच्या शुक्रवारी मी कॅम्पात गेलो. शपथ आता कोणासाठी पाळायची? काकांनी विचारलं, "कशानं गेली बाय?" मी सगळं सांगितलं. स्वतःहून सांगितलेला आजार, तिकीट, पथ्य, सगळं. काका म्हणाले, "आणि मी तिला काय काय बोललो रे..." मग म्हणाले, "ते ताट कुठाय?" मी व्हॅनमधून आणून दिलं. त्यांनी ते आपल्यापुढे मांडलं, त्यात भात वाढून घेतला, आमटी ओतली आणि जेवायला लागले. डोळ्यांतलं पाणी मिशीतून ताटात पडत होतं. त्यांनी पुसलं नाही.

मी समोर बसलो होतो. सवयीने नजर ताटांवरून फिरली. कोपऱ्यात नवीन आलेला एक गवंडी होता, त्याच्या ताटात भात निम्मा तसाच, चिवडलेला. सगळं ऐकलं होतं त्याने. मी बघतोय हे त्याच्या लक्षात आलं. त्याने मान खाली घातली आणि मोठे मोठे घास करून भात संपवायला लागला.